मागितला सौरमनोरा, मिळाल्या पवनचक्क्या: पोर्ट ऑगस्टाचं प्रकरण

कोळशावर पोट असलेल्या गावाला विचारा, कोळसा गेल्यावर काय हवं? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल की कोळसा जायलाच नको. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाने जुलै २०१२ मध्ये वेगळं उत्तर दिलं. कार्यकर्त्यांनी घरोघरी फिरून आणि गावात जागोजागी टेबलं मांडून लोकांची मतं घेतली. प्रश्न एकच होता. जुनी कोळशाची केंद्रं बंद झाली की त्यांच्या जागी सौरऔष्णिक केंद्र (आरशांनी ऊन एका मनोऱ्यावर एकवटून त्या उष्णतेवर वीज करणारं) हवं की गॅसचं? सौरऔष्णिकला ४,०५३ मतं पडली, गॅसला ४३. गावाची वस्ती तेव्हा चौदा हजारांच्या आसपास होती, म्हणजे तान्ह्या पोरांसकट मोजलं तरी जवळपास तीस टक्के लोकांनी मत नोंदवलं.

हे मतदान सरकारी नव्हतं आणि प्रश्नही तसा सोवळा नव्हता. 'कोळसाच चालू ठेवा' हा पर्याय कागदावर नव्हता, 'मला काही फरक पडत नाही' हाही नव्हता. तरीही ४३ हा आकडा बोलका आहे. ज्या गावात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी वीजकेंद्रात, रेल्वेत किंवा त्यांच्या कंत्राटदाराकडे काम करून गेलेलं असतं, तिथे लोक आरशांनी तापणाऱ्या मनोऱ्यामागे असे एकजुटीने उभे राहतात, तेव्हा त्याचं कारण नीट पाहायला हवं.

पुढे हे प्रकरण दोन तऱ्हांनी सांगितलं गेलं. एका सांगण्यात गाव जिंकलं: कोळसा बंद झाला आणि आज गावाभोवती सौर आणि पवन ऊर्जेची गर्दी आहे. दुसऱ्यात गाव हरलं: मनोरा कधी उभाच राहिला नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींत गावाची मूळ मागणी बाजूला पडते. लोकांनी मनोऱ्याला मत दिलं, कारण त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी त्यांना आपली नोकरी दिसत होती.

कोळसा तिथे आला तो आत्मनिर्भरतेच्या हट्टातून

पोर्ट ऑगस्टा स्पेन्सर आखाताच्या अगदी टोकाला आहे, राज्याची राजधानी ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर. तिथून पुढे वाळवंटी प्रदेश सुरू होतो. रस्ते आणि रेल्वे चारही दिशांना फुटतात, त्यामुळे गावाची ओळख पूर्वीपासूनच 'जंक्शन' अशी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे चांगला कोळसा नव्हता. न्यू साउथ वेल्समधून जहाजाने यायचा, आणि तिकडच्या खाणीत संप झाला की ॲडलेडची वीज अडचणीत यायची. यावर उपाय म्हणून राज्याच्या उत्तरेकडच्या लेह क्रीकचा हलक्या प्रतीचा, राखाळ कोळसा खणायला १९४३ मध्ये सुरुवात झाली. १९४६ मध्ये राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, थॉमस प्लेफोर्ड यांनी ॲडलेडची खासगी वीज कंपनी सरकारच्या ताब्यात घेतली आणि विद्युत न्यास स्थापन केला. प्लेफोर्ड पक्के उजवे, पण वीज खासगी कंपनीच्या मर्जीवर सोडायला तयार नव्हते. पोर्ट ऑगस्टात समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी आयतं मिळत होतं आणि लेह क्रीकहून सुमारे अडीचशे किलोमीटरची रेल्वे टाकता येत होती. १९५४ मध्ये प्लेफोर्ड 'ए', साठच्या दशकात प्लेफोर्ड 'बी' आणि १९८५ मध्ये पाचशे मेगावॅटच्या वरचं नॉर्दर्न केंद्र उभं राहिलं. कोळशाच्या गाड्या अडीच किलोमीटरहून लांब असत.

खाण वाढवायची म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लेह क्रीक हे अख्खं गाव उचलून काही किलोमीटर दक्षिणेला वसवलं गेलं. तलाव, झाडं, शाळा, सगळं नव्याने. हे ध्यानात ठेवावं, कारण कोळसा गेला तेव्हा कुणी गाव हलवायला आलं नाही.

शतक संपता संपता सरकारने वीज व्यवसाय खासगी हातात दिला. केंद्रं भाडेपट्ट्याने गेली, मालक बदलत राहिले आणि शेवटी ती अलिंटा एनर्जी या कंपनीकडे आली. चळवळ उभी राहिली तेव्हा गावाला ज्यांच्याशी बोलायचं होतं ते मालक गावाचे तर नव्हतेच, राज्याचेही नव्हते.

महापौरबाई

पोर्ट ऑगस्टाच्या महापौर जॉय बालूच यांनी सुमारे तीन दशकं ते पद सांभाळलं. त्यांची जीभ तिखट म्हणून सगळ्या राज्यात प्रसिद्ध होती. त्यांचे पती फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले आणि त्याचा दोष बाई उघडपणे वीजकेंद्राच्या धुराड्यांना देत. गावात या कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं आकडेवारीत दिसत होतं. आरोग्य खातं मात्र बोट दाखवायचं धूम्रपानाकडे. हा वाद कधी मिटला नाही, आणि एवढ्याशा लोकसंख्येत तो आकडेवारीने मिटणंही अवघड होतं.

पण चळवळीच्या दृष्टीने त्याचा परिणाम मोठा झाला. हवामान बदलाचा मुद्दा बाहेरच्या पर्यावरणवाद्यांनी आणला असता तर गावाने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. इथे सुरुवात झाली ती खोकल्यापासून, खिडकीच्या चौकटीवर साचणाऱ्या धुळीपासून, आणि बोलणारी बाई गावची महापौर होती. मे २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या गेल्या तेव्हा केंद्र चालू होतं आणि मनोरा कागदावर होता.

मनोराच का?

तंत्र थोडं उलगडून सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं.

छपरावर दिसतात ते सोलर पॅनल उजेडाची थेट वीज करतात. त्यात हलणारा भाग जवळपास नाहीच. एकदा बसवले की पुसणं, तपासणं, गवत कापणं आणि इन्व्हर्टर सांभाळणं एवढंच काम. सौरऔष्णिक मनोऱ्याचं तसं नाही. जमिनीवर हजारो आरसे असतात. प्रत्येक आरसा सूर्याबरोबर वळतो आणि ऊन मनोऱ्याच्या माथ्यावरच्या एका ग्राहक-पेटीवर फेकतो. तिच्यातून वितळलेलं मीठ फिरतं. साधारण २९० अंशाला वर चढतं आणि ५६५ अंशाला खाली उतरून अवाढव्य टाकीत साठतं. वीज हवी असेल तेव्हा ते मीठ पाण्याला उकळतं, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. सूर्य मावळला तरी टाकी गरम असते, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता, जेव्हा घरोघरी दिवे आणि एसी लागतात, तेव्हाही वीज देता येते.

आता कोळशाच्या केंद्रातला कोळसा तेवढा सोडा. वाफ तीच, टर्बाइन तेच, कंडेन्सर तोच, पंप आणि व्हॉल्व्ह तेच. बॉयलर ऑपरेटर, टर्बाइन फिटर, उच्च दाबाच्या नळ्या जोडणारा वेल्डर, कंट्रोल रूममध्ये पाळ्या करणारा माणूस, या सगळ्यांचं हातातलं कसब तिथे जसंच्या तसं लागतं. बियॉन्ड झिरो एमिशन्स या संस्थेने २०१२ मध्ये पोर्ट ऑगस्टाचा आराखडा मांडला. त्यात सहा सौरऔष्णिक मनोरे आणि ९५ पवनचक्क्या होत्या, आणि कायमस्वरूपी साडेतीनशेच्या वर नोकऱ्यांचा अंदाज होता. प्लेफोर्ड 'बी' आणि नॉर्दर्न या दोन्ही कोळसा केंद्रांची जागा भरून निघेल असा हिशेब होता. स्पेनमध्ये जेमासोलार हे असंच केंद्र २०११ मध्ये सुरू झालं होतं. वीस मेगावॅटचंच होतं, पण पंधरा तासांचा साठा असल्याने रात्रभर चालायचं. गावाने बोट दाखवावं असं जिवंत उदाहरण एवढं एकच.

अशा आराखड्याला हसणं सोपं आहे. वीस मेगावॅटच्या अनुभवावर सातशे मेगावॅटची इमारत उभी करायची होती. पण कामगाराच्या जागी बसून पाहिलं की त्यातलं शहाणपण दिसतं. हवामानासाठी तुझी नोकरी सोड, असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. तुझं काम तेच, भट्टी बदलू, असं म्हणत होते. म्हणूनच वीजकेंद्रात नोकरी करणारा एक तंत्रज्ञ या चळवळीत नुसता सामील झाला नाही, तर पुढे तिचा अध्यक्षही झाला. नोकरी चालू असताना! कोळसापट्ट्यातल्या चळवळींत हे क्वचित घडतं. एरवी कामगार एका बाजूला आणि पर्यावरणवाले दुसऱ्या बाजूला असतात, आणि मालक मध्ये बसून मजा बघतो.

सव्वातीनशे किलोमीटर

'रिपॉवर पोर्ट ऑगस्टा' या आघाडीत नगर परिषद होती, स्थानिक व्यापारी होते, कामगार संघटना, पर्यावरणासाठी काम करणारे डॉक्टर आणि ॲडलेडकडचे हवामान गट होते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी पोर्ट ऑगस्टा ते ॲडलेड अशी ३२८ किलोमीटरची पदयात्रा काढली. दोन आठवडे चालत शंभराहून अधिक माणसं राज्याच्या विधानभवनावर पोहोचली.

पदयात्रा निघायच्या काही दिवस आधीच मोठा घाव बसला होता. केंद्र सरकारने 'कॉन्ट्रॅक्ट फॉर क्लोजर' नावाची योजना आणली होती. सर्वांत जास्त धूर सोडणारी दोन हजार मेगावॅटची केंद्रं २०२० पर्यंत बंद करण्यासाठी मालकांना पैसे द्यायचे, असा तिचा बेत होता. प्लेफोर्ड 'बी' त्या यादीत होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने वाटाघाटी थांबवल्या, भाव जमला नाही म्हणून. चळवळीच्या दृष्टीने या योजनेचं मोल पैशापेक्षा तारखेत होतं. बंद व्हायचा दिवस ठरला असता तर त्याआधी काय उभं करायचं हेही ठरवता आलं असतं. ती गेली आणि गावाच्या हातात मतपत्रिका, पदयात्रा आणि सदिच्छा एवढंच उरलं.

याच सुमाराला कार्बन कर लागू झाला, जुलै २०१२ मध्ये. शेजारच्या व्हायआलाचं पोलाद त्या करामुळे नकाशावरून पुसलं जाईल, असं तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी ॲबट आदल्याच वर्षी सांगून गेले होते. ते पंतप्रधान झाले आणि जुलै २०१४ मध्ये कर रद्द झाला. म्हणजे पोर्ट ऑगस्टाच्या चळवळीचे पहिले दोन-तीन महत्त्वाचे हंगाम देशाच्या राजधानीच्या, कॅनबेराच्या, वाऱ्यावर गेले.

अलिंटाने सौरऔष्णिकचा व्यवहार्यता अभ्यास मात्र केला, तोही अक्षय ऊर्जेसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या, अरेनाच्या, मदतीने. निष्कर्ष असा निघाला की तंत्र चालेल, पण पैशाचं गणित बसत नाही. ज्या कंपनीचं कोळसा केंद्र तोट्यात होतं तिनेच हा अभ्यास करावा हे कितपत योग्य, असा प्रश्न विचारायला जागा होती. पण खोटेपणाचा आरोप करावा असं त्यात मला काही दिसत नाही. पुढे जे घडलं त्याने निष्कर्षाला दुजोराच दिला.

बंद पडलं ते कुणाच्या मागणीने नव्हे

जून २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की दोन्ही केंद्रं आणि लेह क्रीकची खाण उशिरात उशिरा मार्च २०१८ पर्यंत बंद होतील. काही आठवड्यांतच तारीख जवळ आली: मार्च २०१६ च्या आसपास. शेवटी नॉर्दर्न ९ मे २०१६ रोजी बंद झालं. खाण आधीच, नोव्हेंबर २०१५ मध्ये थांबली होती. पहिल्या घोषणेपासून कुलूप लागेपर्यंत अकरा महिने. खाण आणि केंद्र मिळून चारशेच्या आसपास नोकऱ्या गेल्या, आणि त्याबरोबर दक्षिण ऑस्ट्रेलियातली कोळशाची वीजच संपली.

कारण? राज्यात पवनचक्क्या भराभर वाढल्या होत्या आणि त्यांना इंधनाचा खर्च नसतो. वारा वाहिला की बाजारातला दर कोसळायचा. कारखान्यांची मागणीही घटत होती. नॉर्दर्न काही काळ फक्त उन्हाळ्याच्या सहामाहीत चालवलं गेलं होतं. राखाळ कोळसा अडीचशे किलोमीटरवरून ओढून आणणाऱ्या केंद्राला असं थांबत-चालत टिकणं जमत नाही.

म्हणजे पदयात्रेमुळे केंद्र बंद पडलं नाही, बाजाराने पाडलं. चळवळीने मागितला होता तो क्रम 'आधी नवं उभं करा, मग जुनं बंद करा' असा होता. घडलं उलटं. कुलूप लागलं त्या दिवशी मनोऱ्याच्या जागेवर एक खांबही नव्हता. कंपनीने केंद्र आणखी काही वर्षं चालू ठेवायला राज्य सरकारकडे सुमारे अडीच कोटी डॉलर मागितले होते आणि सरकारने ते नाकारले, हे नंतर उघड झालं. त्यावरून विधानसभेत बराच गदारोळ झाला. अडीच कोटींत दोन-तीन वर्षांची सवड मिळाली असती तर, हा 'जर-तर' पोर्ट ऑगस्टात अजूनही निघतो.

राख उडाली, दिवे गेले

केंद्र चालू होतं तोवर राखेचा बंधारा ओला राहायचा आणि शेजारच्या बर्ड लेकला थंडाव्याचं समुद्रपाणी मिळत राहायचं. केंद्र थांबल्यावर पाणी थांबलं. तळं आटलं, कुजकट वास सुटला. राखेवर धूळ बसवण्याचा लेप फवारला होता, तो २०१६ च्या अखेरीच्या पावसात धुऊन गेला आणि २०१७ च्या पहिल्याच दिवसांत वाऱ्याबरोबर राखेचे लोट गावावर आले. लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, दम्याचे रुग्ण दवाखान्यात जाऊ लागले. ज्या धुराला कंटाळून गावाने मत दिलं होतं, तो थांबल्यावर गावाने जास्त राख खाल्ली. पुढे राखेवर माती पसरून वर झाडोरा लावायचं काम झालं, पण ते बंद होण्याआधी, मालकाच्या खर्चाने, कराराने बांधून घेतलेलं असायला हवं होतं. केंद्र बंद करण्याच्या सगळ्या चर्चांत राखबंधारा हा तळटीपेचा विषय होता. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत सहज टाळता आली असती अशी चूक हीच.

मधल्या काळात आणखी एक प्रसंग झाला. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने उच्चदाबाच्या वाहिन्यांचे वीसहून अधिक मनोरे आडवे केले. काही पवनशेतांची सुरक्षा-रचना अशी होती की लागोपाठ झटके बसले की ती आपोआप उत्पादन कमी करत. तसंच झालं, व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या जोडवाहिनीवर भार चढला, ती तुटली आणि सगळं राज्य अंधारात गेलं. वाहिन्याच पडल्या असताना नॉर्दर्न चालू असतं तर काय झालं असतं, यावर तज्ज्ञांचे वाद झाले. राजकारण्यांना तेवढी सवड नव्हती. रात्र उलटायच्या आत अक्षय ऊर्जा आरोपीच्या पिंजऱ्यात होती.

गंमत अशी की याच अंधारामुळे गावाचा मनोरा पुन्हा चर्चेत आला. 'वारा नसतानाही देता येईल अशी' अक्षय वीज आता सरकारला हवी होती. मार्च २०१७ मध्ये सिनेटर निक झेनोफन यांनी कंपनी-कर कपातीच्या विधेयकाला पाठिंबा देताना सौदा केला: पोर्ट ऑगस्टाच्या सौरऔष्णिक केंद्रासाठी ११ कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रीमियर जे वेदरिल यांनी घोषणा केली की अमेरिकेतली सोलररिझर्व्ह ही कंपनी गावाच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर 'ऑरोरा' केंद्र बांधेल. दीडशे मेगावॅट, आठ तासांचा साठा, खर्च ६५ कोटी डॉलर. सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने यांची वीज वीस वर्षं तिथून घ्यायची, दर मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त ७८ डॉलर.

गावात जल्लोष झाला. पाच वर्षांची चिकाटी फळली असं वाटायला सगळं कारण होतं.

अठ्ठ्याहत्तर डॉलर

त्या जल्लोषात दोन आकडे कुणी मोठ्याने वाचले नाहीत. पहिला, नोकऱ्या. बांधकामात सुमारे ६५०, कायमच्या ५०. आराखड्यातले साडेतीनशे कुठे आणि हे पन्नास कुठे! एकाच मनोऱ्याचे पन्नास, हे तसं वाजवी होतं, पण बंद केंद्राची जागा त्याने भरणार नव्हती.

दुसरा आकडा दराचा. याच कंपनीचं नेवाडातलं क्रेसेंट ड्यून्स हे केंद्र ११० मेगावॅटचं, तंत्र तेच. त्याची वीज दर मेगावॅट-तासाला १३५ अमेरिकी डॉलरने विकत घेतली जात होती. ऑरोराचे ७८ ऑस्ट्रेलियन डॉलर म्हणजे त्याच्या निम्म्यालाही कमी. शिवाय २०१६ च्या अखेरीस नेवाडातल्या गरम मिठाच्या टाकीला गळती लागली आणि ते केंद्र कित्येक महिने बंद राहिलं होतं. ज्या तंत्राचं एकुलतं मोठं केंद्र गळतंय, त्याचं दुसरं केंद्र निम्म्या दराने चालेल, यावर कोणती बँक विश्वास ठेवेल? करार सरकारच्या गरजेपुरता होता, उरलेली वीज खुल्या बाजारात विकायची होती आणि त्या बाजारात तोवर सोलर पॅनल स्वस्त होत चालले होते. राज्यातल्याच हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची टेस्लाची बॅटरी डिसेंबर २०१७ मध्ये सुरूही झाली, घोषणेपासून काही महिन्यांत. मीठ अजून वितळायचं होतं.

मार्च २०१८ मध्ये राज्यात सत्तापालट झाला. नव्या सरकारने मुदती वाढवल्या, पण पैसा उभा राहिला नाही. एप्रिल २०१९ मध्ये ऑरोरा संपल्याचं ऊर्जामंत्री डॅन व्हान होल्स्ट पेलेकान यांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा मतदारसंघ पोर्ट ऑगस्टाचाच होता, तेव्हा सत्तापालटाने मनोरा बुडवला हे म्हणणं मला पटत नाही. जागा दुसऱ्या कंपनीने घेतली आणि २०२० च्या सुरुवातीला सोलररिझर्व्हच बुडाली.

चळवळीची इथे एक अडचण झाली, ती तिच्या यशातूनच आली होती. 'सौरऔष्णिक' हा शब्द घोषणा, फलक, टोपी, मतपत्रिका सगळीकडे इतका पक्का बसला होता की २०१५ नंतर तंत्राचे भाव बदलले तरी मागणी बदलता येईना. लोकांना एका विशिष्ट यंत्राभोवती गोळा केलं तर ते यंत्र महागल्यावर काय सांगायचं? पण उलटंही खरं आहे. 'काहीतरी स्वच्छ ऊर्जा द्या' एवढ्या मोघम मागणीसाठी पोर्ट ऑगस्टातून सव्वातीनशे किलोमीटर कुणी चाललं नसतं.

जे आलं ते

मनोरा गावाला एक मिळाला, पण तो टोमॅटोचा. सनड्रॉप फार्म्सने ऑक्टोबर २०१६ मध्ये २३ हजार आरसे आणि शंभर मीटरहून उंच मनोरा उभारून काचघरं तापवायला, आखाताचं खारं पाणी गोडं करायला आणि थोडी वीज करायला सुरुवात केली. कोल्स या किराणा साखळीशी दहा वर्षांचा टोमॅटो-करार हातात होता म्हणून गुंतवणूकदार आले. खुडणी, बांधणी, भरणी या कामांना दीडशेच्या वर माणसं लागली. सौर उष्णतेच्या नावाने गावाला मिळालेला सर्वांत मोठा रोजगार टर्बाइनवर नव्हे, वेलीवर आला. फिटरला टोमॅटो खुडायला सांगणं म्हणजे रोजगार देणं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

बंगाला सौर केंद्र, २२० मेगावॅटचं, आदिवासी समाजाच्या बंगाला संस्थेच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने आलं. या सगळ्यात हे मला विशेष वाटतं, कारण इथे नव्या ऊर्जेचं भाडं तरी वर्षानुवर्षं स्थानिकांच्या हाती येतं. लिंकन गॅपला दोनशे मेगावॅटच्या वर पवनचक्क्या आल्या. पुढे इबरड्रोला या स्पॅनिश कंपनीचं ३१७ मेगावॅटचं केंद्र आलं, त्यात ५० पवनचक्क्या आणि सोलर पॅनल दोन्ही. बेरीज केली तर गावाभोवतीची क्षमता जुन्या नॉर्दर्नहून जास्त भरते. राज्याच्या विजेत सौर-पवनाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला आणि २०२७ पर्यंत निव्वळ (वर्षभराच्या बेरजेने) शंभर टक्क्यांचं लक्ष्य सरकारने ठेवलं आहे.

बांधकामाच्या वर्षात गावातली हॉटेलं भरतात, भाडी चढतात, क्रेन येतात. मग क्रेन जातात. शेकडो मेगावॅटच्या केंद्राला कायमची माणसं लागतात मूठभर, आणि त्यांतली काही तर दूरच्या कंट्रोल रूममध्ये बसतात. लेह क्रीकला तेवढंही मिळालं नाही. ऐंशीच्या दशकात हजारांनी वस्ती असलेलं हे गाव २०२१ च्या जनगणनेत शंभराच्या आत आलं.

उच्चदाबाची तार

प्रश्न राहतो की या सगळ्या कंपन्या पोर्ट ऑगस्टालाच का आल्या? ऊन तर शंभर किलोमीटर उत्तरेला जास्त पडतं आणि वारा राज्यात इतरत्रही आहे. त्या आल्या गावाजवळच्या डेव्हनपोर्ट वीज उपकेंद्रासाठी. साठ वर्षं कोळशाची वीज ॲडलेडकडे नेण्यासाठी ज्या जाड वाहिन्या टाकल्या गेल्या, त्या केंद्र बंद पडताच मोकळ्या झाल्या. नवीन केंद्राला सर्वांत महाग आणि वेळखाऊ पडते ती जोडणी. ती इथे दाराशी होती. कोळशाने मागे राखच ठेवली असं म्हणतात, पण त्याने तारही ठेवली होती, आणि बाजारात मोल होतं ते तारेला.

चळवळीचं लक्ष धुराड्यावर आणि मनोऱ्यावर होतं. ते समजण्यासारखं आहे, तार डोळ्यांत भरत नाही. पण सौदा करायला गावाजवळ खरी जागा होती ती हीच. मोकळ्या झालेल्या क्षमतेवर जोडणी देताना सरकारने अटी घालाव्यात, इतके स्थानिक तंत्रज्ञ कायम नोकरीवर, देखभालीची कार्यशाळा गावात, कंट्रोल रूम गावात, उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नगर परिषदेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचा, अशी मागणी २०१२ च्या मतपत्रिकेवर असती तर तंत्र कोणतंही जिंकलं असतं तरी गावाच्या पदरात काही पडलं असतं. वाहिन्या तेव्हा खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने होत्या आणि जोडणीचे नियम राष्ट्रीय बाजाराचे, त्यामुळे हे सोपं नव्हतं. नियम बदलावे लागले असते. पण गावाने तेवढ्याच अवघड गोष्टीसाठी पाच वर्षं झगडा दिलाच होता, आणि मनोऱ्यासाठी जसा सिनेटमध्ये एक माणूस अडून बसला तसा या अटींसाठीही बसू शकला असता. बंगालाच्या जमीनमालकांनी आपल्यापुरतं ते करून घेतलं: जमीन आपली, भाडं आपलं, पॅनल कुणाचेही असोत.